पाच-नऊ, धन्यवाद

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, आणि तीही आता पुरती उरलेली नाही. माझे खालचे तीन तुकडे ब्रेदाच्या परसात घेवड्याचे वेल तोलत उभे आहेत. वरचे तुकडे कुठे गेले ते पुढे येईलच. माझी कीव करू नका. घेवडा धक्के देत नाही, ओढत नाही, आपल्या गतीने चढतो, आणि आयुष्यभर मार खाल्लेल्या काठीला एवढं पुष्कळ असतं.

माझा जन्मच मारझोडीतला. काचेचे बारीक धागे एका सळईभोवती करकचून आवळले, वर राळ ओतली, भट्टीत भाजलं आणि मग सळई हिसडून बाहेर काढली. म्हणून मी आतून पोकळ. माझ्या नळ्या एकात एक सरकायच्या. मिटले की हातभर, उघडले की दुमजली घराएवढी. मला केलं होतं मासे धरायला. येसेनित्से गावातल्या दुकानातून दुशानने मला आणलं आणि सावा नदीच्या काठी उभं केलं. मासा गळाला लागला की त्याची सगळी तडफड माझ्या टोकापासून मुठीपर्यंत यायची. मग दुशान त्याला दगडावर धरून डोक्यात एकच घाव घालायचा. दुष्ट नव्हता तो. जीव घ्यायचाच तर एका घावात घ्यावा, तडफडत ठेवू नये, असं म्हणायचा.

दुशान पोलादाच्या कारखान्यात होता. एके दिवशी साखळी तुटली आणि तापलेली लादी त्याच्या गुडघ्यांवर आली. पाय राहिले, पण ओल्या दगडांवरून चालणं कायमचं संपलं. मला त्याने कोठीत फावड्यांच्या मागे टाकलं आणि स्वतः स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात रेडिओचा सेट मांडून बसला. तो सेट नुसता ऐकायचा नव्हता, त्यावरून बोलताही येत होतं. डोंगरमाथ्यांवर सेट घेऊन चढणारी माणसं असतात, आणि घरी बसून त्यांना हुडकणारीही असतात. दुशान हुडकणाऱ्यांपैकी झाला.

त्याची बायको ब्रेदा शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण होती. पाचशे पोरांच्या सुपाच्या पातेल्यात डाव फिरवून तिचे दंड सुताराच्या दंडांसारखे झाले होते. एकदा ती दुशानला म्हणाली, "दुसरे चढतात आणि तू इथून टाळ्या वाजवतोस. त्यापेक्षा मी चढते."

"तुला सेट लावता येत नाही."

"आणि तुला चढता येत नाही. म्हणजे घरात अर्धा-अर्धा माणूस आहे. मी तुझा अर्धा शिकून घेते."

तिने अभ्यास केला, परीक्षा दिली, बोलण्याचा परवाना मिळवला आणि मला कोठीतून बाहेर ओढलं. गळाच्या जागी माझ्या टोकाला तांब्याची तार आली.

मित्रांनो, या खेळाचे नियम सोपे आहेत, पण ते पाळणारी माणसं सोपी नसतात. माथ्यावर स्वतःच्या पायांनी जायचं, सगळं सामान स्वतःच्या पाठीवर न्यायचं. वर काठी उभी करून तार ताणायची आणि किमान चार जणांशी बोलायचं. चार झाले की शिखर तुमच्या नावावर लागतं आणि त्याचे गुण मिळतात. घरी बसलेल्यालाही तुमच्या बोलण्याचे गुण मिळतात, म्हणून तेही टपून असतात. बोलणं तरी किती? प्रत्येकाची अक्षरा-आकड्यांची एक खूण असते, ती सांगायची आणि समोरच्याचा आवाज कसा येतोय ते दोन आकड्यांत कळवायचं. स्पष्टपणा पाचापैकी, जोर नवापैकी. पाच-नऊ म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. आता खरं सांगते, आवाज कितीही मरतुकडा असो, सगळे पाच-नऊच देतात. "पाच-नऊ, धन्यवाद," म्हणायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे, मलाही नाही.

ब्रेदासोबत नेहमी विन्को असायचा. दुशानचा धाकटा भाऊ, जंगलात झाडं तोडणारा, जिभेला हाड नसलेला. आमच्याकडे मोठ्या शिखरावर पहिल्यांदा आलेल्याला दोरीचे फटके देतात. विन्कोने ब्रेदासाठी सेटची केबल दुमडून घेतली.

"वहिनी, वाका."

ब्रेदा वाकली. त्याने तीन फटके मारले, आणि जंगलात राबणारा माणूस हात राखून मारत नाही. ब्रेदा सरळ झाली, त्याच्या हातातून केबल हिसकावली आणि तो शिखराच्या दगडामागे लपेपर्यंत त्याला झोडपलं.

"हे कशाबद्दल?" विन्को दगडामागून ओरडला.

"मी वाकले होते तेव्हा तू किती वेळा हसलास ते मला दिसलं नाही, म्हणून सगळ्याचे एकदम."

माझी कामाची वर्षं अशीच गेली. वारा मला धनुष्यासारखी वाकवायचा, पट्ट्याने दगडाला आवळलेलं माझं बूड करकरायचं. एका हिवाळ्यात माझं टोक तुटून बर्फात उडालं. विन्कोने गुडघाभर बर्फात उतरून ते शोधलं आणि चिकटपट्टीने बांधलं. "ही म्हातारी आपल्या सगळ्यांना पुरून उरेल," तो म्हणाला. तेवढीच स्तुती माझ्या वाट्याला आली, पण ती मला पुरली.

ब्रेदाचा एक हेका होता. चार जणांत नवऱ्याला ती धरत नसे. दुशान रोज कान लावून बसलेला असायचा, सगळ्यांत आधी त्यालाच तिचा आवाज सापडायचा. पण तिने त्याला बजावलं होतं, आधी बाहेरचे चार, मग तू. लोकांनी म्हणू नये की नवऱ्याने हात दिला म्हणून बाई शिखरावर चढली. त्या हेक्याचा मला अभिमान वाटायचा. काठ्यांनाही मूर्खपणाचा अभिमान वाटू शकतो.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही क्रिवेत्स शिखरावर होतो. माथा म्हणजे चुनखडीची एक अरुंद धार, दोन्हीकडे खोल उतार. तीन जणांशी बोलणं झालं होतं. दक्षिणेकडून ढग चढून येत होते आणि सेटमध्ये खरखर सुरू झाली होती. आधी सुटी सुटी, मग तळणात पाणी पडल्यासारखी सलग. वीज डोळ्यांना दिसण्याआधी सेटला ऐकू येते. विन्कोने ती खरखर ऐकली आणि पाठपिशव्या आवरायला घेतल्या.

"वहिनी, पुरे. चला."

"एक राहिलाय."

"तीन झाले ना?"

"तीन म्हणजे शून्य. तुला माहीत आहे."

तेवढ्यात सेटमधून दुशानचा आवाज आला. "ब्रेदा, माझा धर. चार होतील. धर आणि उतर."

"तुझा नाही धरणार."

"अगं, इथे दिवसाढवळ्या अंधारून आलंय."

"मग दिवा लाव," ब्रेदा म्हणाली आणि पुन्हा चौथ्याला हाका मारायला लागली.

मला आधी कळलं. माझ्या टोकावर मुंग्या चालाव्यात तसं झालं आणि तार गुणगुणायला लागली. मग ब्रेदाचे केस वर उठले. विन्कोने तिला खांद्याला धरून बाजूला फेकलं आणि सेटची केबल उपटली. केबलच्या टोकातून निळी ठिणगी उडून त्याच्या बोटाला चावली, त्याने आईबहिणीवरून शिवी दिली. पट्टा सोडून त्याने मला एका दणक्यात मिटवलं. "सेट पिशवीत घाला आणि बसा, खाली बसा," तो ओरडला. तो स्वतः मात्र उभाच होता.

वीज शिखराच्या दगडावर पडली. आवाज मला आठवत नाही. आठवतो तो पांढरा उजेड, तुटून उडालेले दगड, आणि विन्को, जो धारेवर होता आणि मग नव्हता. मला त्याने हातात धरलेलं होतं, म्हणून मीही त्याच्याबरोबर गेले. आम्ही दगडांवर आपटत, घसरत, पुन्हा आपटत उत्तरेच्या बाजूला एका कपारीवर येऊन थांबलो. माझी तळाची नळी उभी चिरली होती. विन्कोचा उजवा बूट जळून फाटला होता आणि गुडघ्याखाली हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

ब्रेदा बसून उतरत, नखं मोडत खाली आली. तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तिचा फोन वर दगडावर होता, तो काळा कोळसा झाला होता. विन्कोचा त्याच्याच अंगाखाली चिरडला होता. तिने कमरेचा पट्टा काढला आणि त्याच्या मांडीला आवळला. आवळताना तो जे किंचाळला ते मी इथे सांगत नाही. मग गारा सुरू झाल्या, अक्रोडाएवढ्या. ब्रेदा त्याच्यावर ओणवी झाली आणि सगळा मार तिने पाठीवर घेतला.

"रक्त थांबत नाहीये," ती म्हणाली.

"घाई कुठे आहे त्याला," विन्को म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

ब्रेदाच्या पाठीवरच्या पिशवीत सेट शाबूत होता. ब्रेदाने तार तशीच दगडांवर पसरली आणि हाक दिली. आत सगळ्यांचे आवाज येत होते, पण हिचा बाहेर कुणालाच जात नव्हता. तार उंच करायला हवी होती. म्हणजे मला उभं करायला हवं होतं, आणि वरती वीज अजून डोंगर फोडत होती.

मित्रांनो, मी काचेची आहे आणि काचेतून वीज जात नाही, पण भिजलेल्या काचेचा भरवसा धरू नये. माझ्या टोकाला तर तांबं होतं. बांधायला उभा दगड नव्हता, माझा पट्टा वरच राहिला होता आणि ब्रेदाच्या कमरेचा विन्कोच्या मांडीला होता. ब्रेदाने मला अर्धं उघडलं, चिरलेलं बूड दोन्ही पायांत धरलं आणि हातांनी मला कवटाळून उभी राहिली.

"वहिनी, टाका ती काठी. मराल."

"गप."

"दोघं मरण्यापेक्षा एक बरा. हिशोब सरळ आहे."

"विन्को, एक शब्द बोललास तर दुसरा पाय मी मोडेन."

तिने हाक दिली. आपली खूण सांगितली आणि पुढे म्हणाली, "क्रिवेत्सवर माणूस जखमी आहे. पाय तुटलाय. मदत पाठवा."

आणि उत्तरं आली. इतकी वर्षं मी तार धरून उभी होते, पण अशी झुंबड कधी ऐकली नव्हती. ती गायब झाल्यापासून सगळे दबा धरून होते. त्या खरखरीत त्यांना तिची खूण तेवढी कळली आणि सगळे एकदम तुटून पडले. ग्राझचा एक जण म्हणाला, "पाच-नऊ, धन्यवाद." ती ओरडली, "नाही, ऐका, माणूस मरतोय." उदिनेचा म्हणाला, "पाच-नऊ, शुभेच्छा." मारिबोरचा एक म्हातारा मध्ये घुसून आपली खूण तीनदा ओरडला आणि पाच-नऊ देऊन मोकळा झाला. जो चौथा तिला मिळत नव्हता तो आता मिळाला होता, पाचवाही, सहावाही. एकानेही तिचं म्हणणं ऐकलं नव्हतं. तारेतून बारीक झटके येत होते आणि दर झटक्याला तिची बोटं माझ्यावर आवळत होती.

मग दुशान आला.

"ब्रेदा, पाच-नऊ. झाले तुझे चार, आता तरी मुकाट्याने उतर. इथे गारा पडतायत, वीज घरात यायला नको, मी तार काढतोय."

"दुशान, थांब. दुशान, विन्को पडलाय. दुशान."

खट असा आवाज झाला. त्याने तार काढली होती.

"काय म्हणाला दादा?" विन्कोने खालून विचारलं.

"उतर म्हणाला."

विन्को हसला. हसताना त्याला उलटी झाली.

मी त्या बाईला रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. ती संतापली. तिने माइक तोंडाजवळ धरला आणि भटारखान्यात दंगा करणाऱ्या पोरांना दम द्यावा तशी एकेक शब्द तोडून, पुन्हा पुन्हा बोलली.

"सगळ्यांनी ऐका. आज मी कोणाचीही नोंद करणार नाही. एकाचीही नाही. या शिखराचे गुण कोणालाही मिळणार नाहीत."

चौथ्या खेपेला झुंबड थांबली. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. मग मारिबोरचा तो म्हातारा, सिल्वो त्याचं नाव, तणतणत पुढे आला.

"अहो बाई, हा काय प्रकार आहे? मी जेवणावरून उठून इथे बसलोय. माझी नोंद का नाही?"

"कारण मी काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं नाही."

"ऐकलं की. पाच-नऊ दिलं मी तुम्हाला."

"मग सांगा, काय म्हणाले मी?"

"नाही ऐकलं," सिल्वो म्हणाला. त्याचा सूर बदलला होता. "फार बारीक येताय. पुन्हा सांगा. सावकाश."

तिने पुन्हा सांगितलं. सिल्वोने एकेक शब्द परत म्हणून दाखवला. मध्येच कुणीतरी आपली खूण घुसवली, तेव्हा तो इतक्या जोरात गरजला की मी ब्रेदाच्या हातातून निसटता निसटता राहिले. "तीनशे केसाळ अस्वलं घुसोत तुमच्या घरात. जो तोंड उघडेल त्याचे दात मी येऊन पाडीन." त्यानंतर त्या लहरीवर कुणी श्वासही घेतला नाही. सिल्वोने दुसऱ्या हाताने फोन लावला, बचाव पथकाशी बोलला, तिकडच्या डॉक्टरचं म्हणणं इकडे सांगत राहिला. पट्टा सैल करू नका. पाय सरळ ठेवा, काही तरी कडक घेऊन बांधा.

ब्रेदाने इकडेतिकडे पाहिलं. दगडांशिवाय तिथे काही नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तारेचं काम झालं होतं. तिने माझे वरचे तुकडे उपसले, गुडघ्यावर ठेवले आणि काडकन मोडले. काच मोडते तेव्हा तिची कुसळं होतात. ती तिच्या तळहातांत घुसली. दोन्ही बाजूंनी मला लावून तिने विन्कोचा पाय तारेने बांधला.

"म्हातारीला मोडलंत," विन्को पुटपुटला. त्यानंतर तो बेशुद्ध झाला.

हेलिकॉप्टर त्या वादळात उडू शकत नव्हतं. खालच्या माचीवरून माणसं पायी आली, गारांत डोकी फोडून घेत, दोर लावत. ती पोचली तेव्हा ब्रेदा विन्कोच्या गालावर थपडा मारत होती, आणि तिला बाजूला करायला दोघं लागले. विन्को जगला. त्याचा पाय रुग्णालयात गुडघ्याखाली कापावा लागला. माझे वरचे तुकडे त्या पायाबरोबर तिथेच राहिले.

उरलेली मी ब्रेदाबरोबर घरी आले. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. दुशानने बार्लीचं दाट सूप, रिचेत, शिजवून ठेवलं होतं. त्याला पथकाच्या फोनवरूनच सगळं कळलं होतं. ती बसली नाही.

"मी काय म्हणत होते, सांग."

दुशानने हातातला डाव खाली ठेवला.

"मी ओरडत होते, दुशान. आणि तू मला आकडा दिलास."

"मला वाटलं, चार झाले की तू उतरशील. तेवढंच डोक्यात होतं."

ब्रेदाने मला उचललं आणि पहिल्या दणक्यात त्याच्या सेटची काच फुटली. दुसऱ्या दणक्यात डबा चेमटला. दुशानने तिला अडवलं नाही. तिसऱ्यांदा तिने हात उगारला, पण तो खाली आला नाही. ती भिंतीशी टेकून जमिनीवर बसली.

"तुझा धरला असता," ती म्हणाली, "तर आम्ही खाली बसून हेच रिचेत खात असतो. तिघंही."

दुशान कुबड्यांवरून आला, त्या गुडघ्यांनी जमिनीवर बसणं त्याला जमत नव्हतं तरी बसला, आणि तिच्या तळहातांतली माझी कुसळं चिमट्याने एकेक काढत राहिला.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे, आणि ती माझ्यासाठी नाही. काठ्या मोडतात, घेवड्याला लागतात. पण कुणी तुम्हाला काही सांगत असेल आणि तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल, तर ऐकू आलं असं म्हणू नका. ऐकू आलं नाही हे सांगायला लाजू नका. चांगुलपणाने, घाईने, अगदी मायेने दिलेलं खोटं उत्तरही माणसाला कपारीवर एकटं सोडून जातं.

काल ब्रेदा नवी काठी घेऊन पुन्हा चढली. मी उभी आहे ती जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. आत दुशान नव्या सेटपुढे होता आणि बाहेर विन्को आपल्या लाकडी पायाला शिव्या देत शेंगा तोडत होता. दुपारी सेटमधून तिचा आवाज आला, खरखरीत बुडालेला, तुटका. आता हाकेला पहिलं उत्तर दुशानने द्यायचं, असं तिनेच ठरवलं आहे. बाकीचे मागे खोळंबले होते, कुरकुरत होते.

विन्कोचा हात शेंगांवर थांबला.

"ब्रेदा," दुशान म्हणाला, "दोन-एक. मला काहीच कळत नाहीये. पुन्हा सांग."